गडी, जामीन आणि घराची राखण

परका मनुष्य घरकामास ठेवताना कोणती दक्षता घ्यावी, हा प्रश्न आजच्या शहरांनी निर्माण केलेला नाही. मात्र प्रत्येक काळाने त्याचे निराळे उत्तर दिले असून, त्या उत्तरांत मालक आणि चाकर यांच्या नात्याचा इतिहास साठलेला आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेणे उचित ठरेल. ‘चाकर’ हा शब्द फारसीतून आला. ‘नोकर’ हाही फारसीच्याच मार्गाने आला. परंतु त्याचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ सोबती असा होतो. ‘गडी’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. ‘सवंगडी’, ‘खेळगडी’ यांतील गडी बरोबरीचा. ‘घरगडी’ होताच तो हुकमाचा ताबेदार ठरला. ‘मोलकरीण’ या शब्दात तर सोबतीचा मागमूसही नाही. मोल घेऊन काम करणारी, एवढाच त्याचा अर्थ. नाते जसजसे दूर गेले, तसतशी संशयाला जागा मिळत गेली.

१९०९ मध्ये शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात कामकऱ्यांविषयी एक महत्त्वाचा नियम आढळतो. मालक आणि कामकरी यांच्यात काय ठरले आहे, हे शेजाऱ्यांना माहीत असावे, असे तेथे सांगितले आहे. वेतनाचा वाद साक्षीदारांच्या सांगण्यावरून निकालात काढावा आणि वेतन न देणाऱ्यास दंड व्हावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे शेजाऱ्यांचे हे जाणणे दुहेरी होते. चाकर कोण आहे हे जसे त्यांना कळे, तसेच मालकाने काय कबूल केले आहे हेही कळे.

मराठेशाहीच्या व्यवहारात या कामी ‘जामीन’ पुढे आला. हा शब्द मूळचा अरबी. मनुष्य हजर करण्याची हमी देणारा तो हाजिरजामीन, रकमेची हमी देणारा तो मालजामीन, चांगल्या वर्तनाची हमी देणारा तो चालजामीन, असे त्याचे भेद होते. कोणा ओळखीच्याने शब्द टाकल्याखेरीज घरात माणूस न घेण्याची रीत ही याच कल्पनेची घरगुती आवृत्ती होय. या रीतीत एक गुण होता. मध्यस्थ आपली पत पणास लावी, म्हणून आळ आला तर चाकराच्या बाजूने बोलणाराही कोणी असे. दोष असा, की हमी एकाच पक्षाची घेतली जाई. मालकाच्या वर्तनाचा जामीन कोणी मागितला नाही.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने हा एकतर्फीपणा कायद्यात आणला. साध्या चोरीस कलम ३७९ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत, तर नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३८१ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कारावास ठरला. विश्वास मोडला म्हणून शिक्षा अधिक, हे तत्त्व समजण्याजोगे आहे. मात्र मालकाने पगार बुडविला, तर तो सामान्यतः दिवाणी वाद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराच्या चोरीचे हे कलम ३०६ व्या क्रमांकाने कायम आहे.

या पार्श्वभूमीवर वर्ध्यालगतच्या नालवाडीचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे वर्ध्याचा आश्रम सोडून या दलित वस्तीच्या गावी राहावयास गेले आणि सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी तेथे केला. १९३४ मध्ये तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. पुढे चर्मालयही चालले. अस्तेय, अपरिग्रह आणि शरीरश्रम ही व्रते तेथे एकत्र नांदत होती. झाडलोटीपासून मैलासफाईपर्यंतचे काम स्वतः करावयाचे आणि कुलुपात ठेवण्याजोगे काही जमवावयाचे नाही, असा नेम असला म्हणजे चाकरावर पाळत ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक गृहस्थाला हा मार्ग झेपेल असे नाही. पण घराची भीती बाहेरून येणाऱ्या माणसाइतकीच आतल्या संचयातूनही उपजते, हे नालवाडीने दाखविले.

आता जामिनाची जागा छायाचित्राने, ओळखपत्राने आणि पोलिसांकडील नोंदीने घेतली आहे. नाव, पत्ता, पूर्वीचे काम यांची खात्री करणे, किल्ल्या व दागिने उघड्यावर न ठेवणे, ही दक्षता रास्तच आहे. परंतु नोंदवही मनुष्याची ओळख पटविते. त्याच्यासाठी शब्द टाकीत नाही. वस्तू हरवताच प्रथम मोलकरणीवर बोट रोखले जाते, तेव्हा तिच्यापाशी जामीन नसतो. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला, संघटना उभारली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. दुसऱ्या बाजूलाही आधार हवा, ही जाणीव त्यांतून व्यक्त होते.

म्हणून कामास ठेवताना जसा चाकराचा पत्ता लिहून घ्यावा, तसेच पगार, सुट्टी आणि कामाचे तास हेही लिहून द्यावेत, आणि दोन्ही गोष्टी शेजाऱ्यास माहीत असाव्यात. कौटिल्याचा तो जुना नियम घराचीही राखण करतो आणि घरगड्याच्या अब्रूचीही.