बाळंतविड्यातलं जुनेर

चुलतबहिणीला मुलगी झाल्याचा निरोप येतो. पाठोपाठ दुकानातल्या पसंतीच्या वस्तूंची यादी येते. एक वस्तू निवडायची, पैसे भरायचे, खोकं परस्पर तिच्या दारात. तुम्हाला मात्र स्वतःच्या हातानं काहीतरी करून द्यायचं असतं. मग आपल्या घरांत ही भेट कशी तयार होत असे, ते एकदा पाहून घ्या.

तिचं नाव बाळंतविडा. बाळंतिणीसाठी लुगडं, खारीक-खोबरं, बाळंतशोपा आणि बाळासाठी आज्या, मावश्या, आत्यांनी शिवलेली अंगडी, टोपडी, लंगोट, दुपटी. कुंची तेवढी नव्या खणाची. बाकी बरंचसं जुनेरातून, म्हणजे वापरून विरलेल्या कापडातून निघे. धोतराचे लंगोट होत, लुगड्याची दुपटी आणि गोधड्या.

यात कंजूषपणा नव्हता. कोऱ्या कापडाला खळ असते, ते बाळाच्या अंगाला टोचतं. शेकडो वेळा धुतलेलं सुती लुगडं मऊ झालेलं असतं, घाम आणि ओल टिपतं आणि लवकर वाळतं. शिवाय सूत हातानं कातलं जायचं तेव्हा कापडाच्या प्रत्येक वारामागे कितीतरी दिवसांचे कष्ट असत. असं कापड कोण टाकून देईल?

हिशोब करून पाहा. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे मीटर-मीटरचे आठ तुकडे होतात. चार पदरांचं दुपटं धरलं तर एका लुगड्यात दोन दुपटी बसतात. विरलेला भाग वगळला तर एक दुपटं आणि काही लंगोट. थर एकावर एक ठेवायचे, कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. साधू-फकिरांच्या ठिगळांच्या वस्त्राला ‘कंथा’ म्हणत. बंगालमध्ये याच शब्दावरून काँथा आला.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणीचं कापड स्वस्त होत गेलं, तरी जुनेर सुतीच राहिलं. मुलींच्या शाळांमधून लोकरीचं विणकामही घरांत आलं आणि बाळंतविड्यात मोजे, स्वेटर दिसू लागले. खरा बदल नंतर झाला. नऊवारीची पाचवारी झाली, सुताच्या जागी नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. आज आईच्या कपाटात साड्या पुष्कळ असतात, पण दुपट्यासाठी जुनेर शोधावं लागतं. पॉलिएस्टर कितीही जुनं झालं तरी पाणी टिपत नाही.

परदेशात आणखी एक अडचण येते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९२ पासून बाळाला उताणं झोपवण्याचा सल्ला दिला जातो. पहिलं वर्षभर पाळण्यात सुटं पांघरूण किंवा उशी ठेवू नये, असंही डॉक्टर सांगतात. हा नियम बाळाच्या जिवासाठी आहे, तो पाळायलाच हवा. पण आजीनं महिनाभर खपून पाठवलेली गोधडी मग कपाटात जाते. सून अवघडते आणि फोनवर आजीला काय सांगावं ते मुलाला सुचत नाही.

तिला खरं तेच सांगा. गोधडी पांघरण्याइतकीच अंथरण्यासाठीही होती. बाळ जागं असताना जमिनीवर अंथरा, त्यावर त्याला पालथं घाला आणि शेजारी बसा. आणि तुम्हीच शिवणार असाल तर नवं कापड आणू नका. आईची सुती साडी, बाबांचा विरलेला सदरा मागून घ्या. बटणं, हुक काढा, थर घट्ट शिवा, लोंबते दोरे ठेवू नका. कोपऱ्यात पदराचा एक तुकडा मात्र ओळखू येईल असा राहू द्या. मुलगी मोठी झाली की हे कुणाचं होतं, ते विचारेलच.