भरडलेल्या लाकडाचे वय

जंगलात लागलेली प्रत्येक आग विझवावी काय? आज हा प्रश्न विचारता येतो. १९१० साली अमेरिकेत तो कोणी विचारला नसता. त्या वर्षी २० आणि २१ ऑगस्टला आयडाहो आणि मोंटाना या डोंगराळ राज्यांत वाऱ्याने वणवे एकमेकांत मिसळले आणि सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. आगीशी झुंजणारी ७८ माणसे त्यात मेली. तेथील वनखात्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. या धड्यातून त्याने आग हा शत्रू ठरवला आणि १९३५ मध्ये तसा नियमच केला. आगीची वर्दी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आणायची! हा नियम १९७८ पर्यंत टिकला.

झाडांची साक्ष मात्र वेगळी होती. पाँडेरोसा पाइन या सूचिपर्णी वृक्षाच्या बुंध्याला आग लागून गेली की व्रण राहतो, आणि वाढवलये मोजून त्या व्रणाचे वर्ष काढता येते. कोरड्या भागातील जुन्या झाडांवर असे व्रण पाच ते पंचवीस वर्षांच्या अंतराने सापडतात. म्हणजे जमिनीलगतची छोटी आग येई, पालापाचोळा आणि रोपटी जाळून जाई, आणि जाड सालीची मोठी झाडे उभी राहत. हॅरॉल्ड वीव्हर या वनाधिकाऱ्याने १९४३ मध्येच हे लिहिले होते. त्याचे म्हणणे पटायला खात्याला काही दशके लागली. तोवर न जळलेली रोपटी वाढून मोठ्या झाडांखाली दाट झाडोरा माजला होता. खालच्या ज्वालेला शेंड्यापर्यंत चढायला ती आयती शिडी झाली.

ही शिडी काढायची कशी? तोडून वाहून न्यावे तर बारीक लाकडाला भाव नाही. मुद्दाम जाळावे तर धूर होतो, शिवाय जवळ वस्ती. म्हणून गेल्या काही दशकांत, विशेषतः २००० नंतर, एक यंत्र पुढे आले. ट्रॅक्टरसारख्या वाहनापुढे दातेरी रूळ फिरतो आणि उभा झाडोरा जागच्या जागी फोडून टाकतो. खाली ढलपे, चोयट्या आणि भुगा यांचा थर पडतो. त्याला आपण 'भरड' म्हणू.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. यंत्राने जंगलातले लाकूड एका किलोनेही कमी होत नाही. उभे होते ते आडवे होते, इतकेच. शिडी मोडते हे खरे, पण जळण मोठ्या झाडांच्या मुळांवर येऊन बसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कोरड्या मातीवर भरडीचा साडेसात सेंटिमीटर किंवा अधिक जाड थर जाळला, तेव्हा सुमारे दहा सेंटिमीटर खोलीपर्यंत तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर गेले. एवढ्या उष्णतेत मुळे मरतात. माती ओली असेल तर मात्र उष्णता फारशी खाली उतरत नाही. म्हणजे जी झाडे वाचवायची, त्यांच्याच पायाशी निखारे ठेवल्यासारखे झाले. मग ही भरड किती वर्षे टिकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जळण मोजण्याची रीत आधीची आहे आणि मोठी चतुर आहे. काटकी जितकी जाड, तितकी ती सावकाश वाळते. म्हणून जळणाचे गट चक्क तासांवर पाडले आहेत. सहा मिलिमीटरपर्यंतची काटकी 'एक तासाची', पंचवीसपर्यंतची 'दहा तासांची', पंचाहत्तरपर्यंतची 'शंभर तासांची'. हवा बदलली की लाकडाचा ओलावा नव्या पातळीकडे ६३ टक्के वाट जेवढ्या वेळात चालून जातो, तो त्याचा काळ. पण ही फूटपट्टी गोल काटक्यांची! चपटा, फाटलेला ढलपा गोल नसतो, आणि दाबून बसलेल्या थरात तो एकटा वाळतही नाही. त्यामुळे आधीची गणिते भरडीला नीट लागू पडत नाहीत.

आता कुजण्याकडे वळू. बुरशीला ऊब आणि ओल एकत्र हवी. आपल्या कोकणात पावसाळ्यात दोन्ही मिळतात, आणि बाहेर पडलेले लाकूड बघता बघता भुसभुशीत होते. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात ओल येते ती हिवाळ्यात, बर्फासोबत. उन्हाळा जवळजवळ कोरडा. त्यात लाकडात नायट्रोजन अत्यल्प. 'काही वर्षांत कुजून जाईल' ही समजूत तेथे कितपत खरी?

उत्तर कॅलिफोर्निया आणि दक्षिण ओरेगनमधील २५ जागांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भरडून एक ते सोळा वर्षे झालेल्या त्या जागा होत्या, आणि हेक्टरी लाकूड १२ टनांपासून ९२ टनांपर्यंत भरले. त्यांपैकी सात जागा सुमारे दशकभरापूर्वीही मोजलेल्या असल्याने खरी तुलना करता आली. एक तासाच्या गटाचे वजन ६९ टक्क्यांनी घटले होते, दहा तासांच्या गटाचे ३३ टक्क्यांनी. एकूण लाकडाची घट मात्र फक्त २० टक्के! तुकड्यांची संख्या कमी झाली होती आणि उरलेले तुकडे हलके, विरळ झाले होते. बारीक भरडले तर लवकर कुजते, हा त्यातला उपयोगी निष्कर्ष. अर्थात बारीक भरडायला यंत्राचे तास आणि डिझेल अधिक लागते, हेही सांगायला हवे.

आणखी एक गुंतागुंत आहे. सूचिपर्णी लाकडावर बहुधा तपकिरी कूज पडते. ही बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. उरतात ते तांबूस, चौकटीचौकटीने तडकलेले तुकडे. वाळल्यावर ते ज्वालेने फारसे जळत नाहीत, तर तासन्‌तास धुमसतात, म्हणून वजन घटले की धोकाही तेवढाच घटला, असे धरता येत नाही. त्यातच दरवर्षी वरून सुया गळतात. भरडलेल्या झुडपांपैकी काहींना बुंध्यातून धुमारे फुटतात, काही बियांतून पुन्हा उगवतात. खालची भरड पुरती कुजायच्या आधीच तिच्यावर नवा झाडोरा उभा राहू लागतो.