तळटीप : डॉन ड्रेगर
डॉन ड्रेगर (१९२२–१९८२) : अमेरिकी मरीन दलातील अधिकारी. पुढे जपानमध्ये मुक्काम ठोकून जुदो, केंदो आणि शस्त्रविद्येच्या जुन्या परंपरा शिकले. कातोरी शिंतो-रियू या परंपरेत प्रवेश मिळालेले ते पहिले परदेशी मानले जातात. लेखकाच्या मनातला चित्रपट म्हणजे ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) हा बाँडपट. त्यात ड्रेगर युद्धकलांचे सल्लागार होते, शिवाय काही झटापटींत शॉन कॉनरीऐवजी तेच उभे राहिले. निंजांच्या सरावाची दृश्ये हिमेजीच्या किल्ल्यात चित्रित झाली. लेखक मात्र त्यांना नुसते ‘स्टंटमन’ म्हणून मोकळा होतो, हे काही बरे नाही. चित्रपट हा त्यांच्या दृष्टीने जोडधंदाच असावा. आशियाई युद्धकलांवरचे त्यांचे ग्रंथ अभ्यासक आजही उघडतात.