पणजीची शेंगोळी आणि हॅरियटबाई

आजीला मॅसॅच्युसेट्सचा उच्चार कधी जमला नाही. "बोस्टनच्या वरच्या अंगाला" एवढं म्हणून ती पुढं जायची. त्या अंगाला मेरिमॅक नावाची नदी, एका काठाला ब्रॅडफर्ड, दुसऱ्या काठाला हेव्हरिल. "आपलं नगर आन् भिंगार," आजी म्हणायची, आणि आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढं भिंगारची वेस उभी राहायची. नाताळच्या आधी करंज्या करायला घरातल्या सगळ्या बायका बसायच्या, नाना ओसरीवर 'ज्ञानोदय' वाचत असायचे, आणि करंजीला मुरड घालता घालता आजी हॅरियटबाईची गोष्ट काढायची. ती तिला तिच्या लहानपणी संडे स्कूलच्या बाईंनी सांगितलेली. मी पुढं मोठेपणी पुस्तकांतून वाचली तेव्हा आजीनं फारसं काही वाढवलेलं नव्हतं, हे पाहून मला फार बरं वाटलं.

गोष्ट सुरू व्हायची जेवणाच्या टेबलावर. १८१० सालचा जून महिना. ब्रॅडफर्डला पाळकांची सभा भरली होती, आणि धर्मशास्त्र शिकणारी काही तरुण मुलं तिथं येऊन म्हणाली, आम्हाला परदेशात सेवेला जायचंय, आम्हाला कोण पाठवणार? त्यातून अमेरिकन बोर्ड जन्माला आलं. सभेची काही मंडळी डीकन हॅसेल्टाइन यांच्या घरी जेवायला होती. वाढायला घरची मुलगी ॲन. जेवणाऱ्यांत अडोनिराम जडसन. सांगतात, की तो एरवी बोलका माणूस त्या दिवशी ताटातून मान वर करीना.

पुढं त्यानं ॲनच्या वडिलांना पत्र लिहिलं. ते पत्र मिशनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात त्यानं काही लपवलं नाही. समुद्राचा प्रवास, हिंदुस्थानची हवा, हालअपेष्टा, अपमान, वेळ आली तर मरणसुद्धा, हे सगळं तुमच्या मुलीच्या वाट्याला येईल. तरी देता का, असं सरळ विचारलं. इथं आजी हातातलं कातणं खाली ठेवायची. "मुलगी मागाया आलेला मानूस असं बोलतो व्हय?" आणि ओसरीवरून नाना म्हणायचे, "असंच बोलावं." वडिलांनी निर्णय मुलीवर सोडला. मुलगी हो म्हणाली.

आजीचा जीव मात्र ॲनपेक्षा हॅरियटमध्ये जास्त. हॅरियट ॲटवुड पलीकडच्या हेव्हरिलची, ॲनची मैत्रीण, ब्रॅडफर्डच्याच शाळेत शिकलेली. वडील १८०८ मध्ये गेलेले, आई विधवा, घर भावंडांनी भरलेलं. एक दिवस ॲन येऊन म्हणाली, मी हिंदुस्थानात चालले. हॅरियटनं ते डायरीत लिहून ठेवलं आणि स्वतःलाच विचारलं, मी काय करतेय? तेव्हा ती सतरा वर्षांची. त्याच सुमारास जडसनच्या बरोबरीचा सॅम्युअल न्यूवेल त्यांच्या घरी येऊ लागला, आणि १८११ च्या एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं: माझ्याशी लग्न करशील का, आणि माझ्याबरोबर येशील का? दोन प्रश्न, एकाच कागदावर.

यातली अवघड जागा मला पुष्कळ उशिरा कळली. देवाचं पाचारण जर आवडत्या माणसाच्या तोंडून आलं, तर त्यातलं देवाचं किती आणि माणसाचं किती, हे कसं ओळखायचं? हॅरियटला हा प्रश्न पडला होता. तिच्या डायरीत ती स्वतःचं मन पुन्हा पुन्हा उलगडून बघते. इतकी कोवळी पोर इतकी कठोर तपासणी करते, हे वाचताना माझ्या घशात काहीतरी दाटतं. तिनं आईला विचारलं. आई रडली. पण कर्तव्याची खात्री तुला तिकडं नेत असेल तर मी अडवणार नाही, असं म्हणाली. आजीच्या गोष्टीत ही आई एखाद्या प्रेषितापेक्षा मोठी होती.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच जणांवर हात ठेवून दीक्षा दिली: जडसन, न्यूवेल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. ॲनचं लग्न आदल्या दिवशी झालेलं, हॅरियटचं तीन दिवसांनी. बायकांवर कोणी हात ठेवले नाहीत. पुढं मिशनच्या कागदांत बायकांची नोंद 'सहायक मिशनरी' अशी व्हायची. मला हे खटकतं आणि खटकत राहील, कारण जाऊ की नको हा झगडा त्यांनी नवऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, एकटीनं केला होता.

१९ फेब्रुवारीला 'कॅराव्हॅन' जहाज सेलमहून निघालं. बसून बसून अन्न पचेना म्हणून ही तरुण जोडपी डेकवर दोरीच्या उड्या मारायची, हे सांगताना आजी अशी हसायची की तिच्या हातचं पीठ सांडायचं. १७ जूनला जहाज कलकत्त्याला लागलं. दुसऱ्याच दिवशी तिकडे अमेरिकेनं इंग्लंडशी युद्ध पुकारलं. कंपनी सरकारला मिशनरी तसेही नकोच होते. परत जा, असा हुकूम झाला. न्यूवेल पतिपत्नी ऑगस्टमध्ये मॉरिशसच्या वाटेला लागले. हॅरियट गरोदर होती. वादळं, पाऊस, भिजलेलं अंथरूण. मुलगी जहाजावरच जन्मली आणि काही दिवसांतच गेली. ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईस इथं हॅरियटही क्षयानं गेली. एकोणीस वर्षांची होती.

न्यूवेल पुढं सिलोनमार्गे १८१४ मध्ये मुंबईला पोचले. हॉल आणि नॉट जोडपं त्याआधीच, १८१३ च्या फेब्रुवारीत तिथं उतरलं होतं. नॉटना हवा सोसली नाही, ते परत गेले. हॉल आणि न्यूवेल मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला. न्यूवेल १८२१ मध्ये पटकीनं गेले, हॉल १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला पटकीनंच. त्याच अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ मध्ये आमच्या नगरला आली. आमच्या घराण्यात बायबल आलं ते त्या वाटेनं.

आता नाना-आजीचं. ही गोष्ट घरात ज्याच्याकडून ऐकावी त्याच्याकडे वेगळी. नाना मिशनच्या शाळेत मास्तर, आजी नर्सिंग शिकलेली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ओळखीच्या एका जोडप्याचं पत्र आलं: आफ्रिकेत मास्तर आणि नर्स असं जोडपं हवंय, याल का? आत्या म्हणते केनिया, काका म्हणतात टांगानिका. नानांनी पत्र आजीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी माझं बघतो, तू तुझं बघ. एकमेकांना इतक्यात सांगायचं नाही." आजीचं नंतरही ठाम मत होतं, की नवराबायकोनं एकमेकांचं बोलावणं उसनं घेऊ नये. हे ती हॅरियटकडून शिकली होती की नानांकडून, देव जाणे. किती दिवस प्रार्थनेत काढले, कुणाला नक्की आठवत नाही. आत्याच्या आठवणीत त्या दिवसांत घरात कालवण सारखं खारट व्हायचं.

दोघांचंही उत्तर हो आलं. मग राहिली पणजी, आजीची आई.

पणजी वडाळ्याच्या बाजूला खेड्यात राहायची. हे दोघं एसटीनं गेले. ती चुलीपाशी शेंगोळी वळत होती. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळलेलं, तळहाताला तेलाचं बोट लावून त्याची सुरळी करायची आणि वेटोळं घालून परातीच्या कडेला मांडायचं. नानांनी सगळं सांगितलं. पणजी वळत राहिली. परात भरली तरी बोलेना. चुलीवर आधण उकळत होतं, त्यात तिनं एकेक शेंगोळं सोडलं, हात धुतले आणि विचारलं, "तिथं जवारी-बाजरी मिळती का?"

आजी म्हणाली, "मिळत असंल."

"मग जा."

तिनं दोघांना पोटभर जेवू घातलं. त्या जेवणात कोण काय बोललं, ते आजीनं कधी सांगितलं नाही.

कागदपत्रं झाली, एक लोखंडी पेटी घेतली, तिच्यावर नानांनी पांढऱ्या रंगानं नावं घातली. मग तब्येतीची तपासणी झाली आणि नानांच्या फुप्फुसावर डाग निघाला. क्षयाचा, जुना, भरून आलेला. पण डाग तो डाग. जाणं रद्द झालं.

नाना मास्तरच राहिले. आजी खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करत हिंडली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरच्या बायकांची पोरं ती झाडाखाली झोळ्यांत सांभाळायची, आणि त्या लोखंडी पेटीत त्यांच्यासाठी सुकडी भरलेली असायची, हे मी तिच्याबरोबरच्या बायकांकडून ऐकलंय.

कॉलेजात असताना मी तिला विचारलं, की मग ते पाचारण खरं नव्हतं का? दोघांनी इतकी प्रार्थना केली, दोघांना खात्री झाली, आणि एका एक्सरेनं सगळं संपलं? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हॅरियटबाई कुठं मुंबईला पोचली?" आणि मला चष्मा आणायला पाठवलं. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. हॅरियटनं इथं एक शाळा काढली नाही, मराठीचं एक अक्षर शिकली नाही. पण तिच्या मरणानंतर छापलेलं तिचं चरित्र अमेरिकेत घराघरांत वाचलं गेलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि ते वाचलेल्या किती तरी मुली पुढं बोटीत बसल्या. आजीचं चरित्र कुणी छापलं नाही. तरी तिचं हो खरं होतं, असं मी मानते, आणि ते आफ्रिकेला न जाताही पुरं वापरलं गेलं, असंही मानते.

पणजीचं मात्र सांगायचं राहिलं. जाणं रद्द झाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं आळीत घरोघर गूळ-शेंगदाणे वाटले. पुढच्या रविवारी मंडळीत उभी राहून उपकारस्तुतीचं दानही घातलं, आणि पाळकांनी कशाबद्दल म्हणून विचारलं तर सगळ्यांदेखत म्हणाली, "जावयाचा डाग जुना निघाला म्हनून." नाना हे आठवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. आजी तिच्याशी आठवडाभर बोलली नव्हती म्हणे. काका सांगतात महिनाभर.