इंग्लंडातील धुराडी व ती झाडणारी मुले

प्रत्येक देशातील गृहस्थाला वर्षातून एकदा तरी ऋतूला तोंड देण्यासाठी घर सज्ज करावे लागते. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, ही तयारी पावसाळ्याची असते. मृग लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, सरपण कोरडे आहे तोच आत रचावे, आगोटीची बेगमी करून ठेवावी, म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो. इंग्लंडसारख्या शीत देशात पावसाळ्याचे हे स्थान हिवाळ्याला आहे. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे, तळघरात कोळसा भरणे, जाड पडदे लावणे ही तेथील जुनी कामे होत. परंतु ह्या सर्वांत टाळता न येण्याजोगे काम म्हणजे धुराडे झाडून घेणे. धुराड्यात काजळी साचली की धूर उलटून खोलीत येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती काजळीच एखाद्या रात्री पेट घेते. ह्या एका क्षुल्लक भासणाऱ्या घरकामाचा इतिहास पाहू गेल्यास त्यात एका सुधारलेल्या समाजाची शंभर वर्षांची परीक्षा दडलेली आढळते.

धुराडे ही वस्तू इंग्लंडात फार पुरातन आहे असे नाही. मध्ययुगात सामान्य घराच्या मध्यभागी विस्तव असे व धूर छपरातील फटींतून वाट काढी. विल्यम हॅरिसन ह्या धर्मोपदेशकाने 1577 साली इंग्लंडचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात गावातील म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेले जे बदल नवलाचे वाटत, त्यांमध्ये धुराड्यांची वाढलेली संख्या हा एक सांगितला आहे. पुढे ती इतकी बोकाळली की 1662 साली सरकारने प्रत्येक आगटीमागे वर्षाला 2 शिलिंग कर बसवला. आपल्या भाषेत त्यास चूलपट्टी म्हणता येईल. कर वसूल करणारा अंमलदार आगट्या मोजण्यासाठी थेट घरात शिरे, ह्याचा लोकांना इतका तिटकारा आला की 1689 साली तो कर रद्द करावा लागला. घराच्या उंबरठ्याच्या आत सरकारने पाऊल टाकू नये, ही भावना त्या देशात किती खोल रुजली होती, हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

1666 साली लंडनचा मोठा भाग आगीत जळाला आणि त्यानंतर विटांची मजलेदार घरे उठली. लाकूड महाग झाल्यामुळे न्यूकॅसलहून गलबतांतून येणारा दगडी कोळसा घरोघर जळू लागला होताच. कोळसा नीट पेटण्यास वाऱ्याची ओढ जोराची लागते, म्हणून धुराड्याचा नळ अरुंद ठेवीत. प्रत्येक खोलीला निराळी आगटी, आणि सगळे नळ भिंतीतून वळणे घेत एकाच मनोऱ्यात जाऊन मिळावयाचे. पुष्कळ ठिकाणी हा नळ 14 इंच लांब व 9 इंच रुंद एवढाच असे. काही त्याहूनही आखूड असत. अशा वळणावळणाच्या नळीत प्रौढ मनुष्याचे खांदे मावणे अशक्य. तेव्हा त्यात कोण शिरणार, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणी फारसे बोलून न दाखवताच सापडले: लहान मूल.

पाच-सहा वर्षांची, क्वचित चार वर्षांचीही मुले ह्या कामाला लावली जात. काही पॅरिशच्या आश्रयाखालची अनाथ असत. काहींना आईबापांनीच चार पैसे घेऊन उस्तादाच्या हवाली केलेले असे. नाव उमेदवारीचे, पण शिक्षण इतकेच की डोक्यावरची टोपी हनुवटीपर्यंत ओढून, पाठ, कोपरे व गुडघे भिंतीला रेटीत वर सरकावयाचे आणि हातातील खरवडणीने काजळी आपल्याच अंगावर पाडीत जावयाचे. कोपरांची व गुडघ्यांची कातडी सोलून निघे. ती घट्ट व्हावी म्हणून मुलाला धगधगीत विस्तवाजवळ उभे करून तीवर मिठाचे पाणी चोळीत. वळणावर पाय घसरून गुडघे छातीशी अडकले तर मूल ना वर जाई ना खाली येई, आणि काजळीत गुदमरून मरे. रात्री निजावयाचे तेही काजळीच्या पोत्यांवर.

1775 साली पर्सिव्हल पॉट ह्या लंडनच्या नामांकित शस्त्रवैद्याने दाखवून दिले की, धुराडी झाडणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो त्याचे कारण तेथे साचून राहणारी काजळी हेच आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो असे वैद्यकाच्या इतिहासात प्रथम सांगितले गेले ते हे. म्हणजे ह्या सालापासून पुढे कोणालाही अज्ञानाची सबब सांगण्यास जागा उरली नव्हती.

जोनास हॅनवे नावाच्या परोपकारी व्यापाऱ्याने ह्या मुलांसाठी अनेक वर्षे खटपट केली, आणि 1788 साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पार्लमेंटने पहिला कायदा केला. आठ वर्षांखालील मूल ठेवू नये आणि एका उस्तादाजवळ सहांहून अधिक उमेदवार असू नयेत, अशी त्यात कलमे होती. परंतु उस्तादांनी परवाना घेतलाच पाहिजे हे जे मूळ मसुद्यातील कलम, ते लॉर्डांच्या सभेने गाळून टाकले. कायदा झाला; तो पाळला जातो की नाही हे पाहणारा मात्र कोणी नेमला नाही.

ह्यानंतरची सबब अशी की, मुलांवाचून काम होणार कसे? पण 1803 साली जॉर्ज स्मार्ट ह्याने पोकळ नळ्या एकास एक जोडून वर सरकवता येईल असा लांब कुंचा तयार केला आणि त्याच वर्षी मुलांऐवजी यंत्राचा प्रसार करणारी एक मंडळीही स्थापन झाली. 1828 साली जोसेफ ग्लास ह्याने त्याहून सुटसुटीत साधन काढले. ज्या थोड्या धुराड्यांत आडवी वळणे असल्यामुळे कुंचा चालत नसे, तेथे भिंतीला लहानशी झडप बसवली की भागत असे. कॉमन्स सभेच्या समितीने 1817 साली साक्षी घेऊन मुलांचा उपयोग बंद करण्याची शिफारस केली. तथापि त्यानंतर आलेली बिले लॉर्डांच्या सभेत 1819 पर्यंत एकामागून एक पडली. अशा सुधारणा लोकांच्या नीतिबुद्धीवर सोपवाव्या, कायद्याने लादू नयेत, असे लॉर्ड लॉडरडेलचे म्हणणे पडले.

ह्या नीतिबुद्धीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. त्या काळी दया नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. विल्यम ब्लेकने 1789 व 1794 साली ह्या मुलांवर कविता लिहिल्या. चार्ल्स लँबने 1822 साली त्यांच्यावर निबंध लिहिला. डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टला अशाच एका उस्तादाच्या हाती देण्याचा बेत थोडक्यात फसतो. एलिझाबेथ माँटेग्यू ही विदुषी दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या वाड्यात ह्या मुलांना पोटभर जेवू घाली. ही सर्व माणसे सहृदय होती ह्यात शंका नाही. पण त्यांच्या शेजारीपाजारी जे गृहस्थ राहत, ते ती पुस्तके वाचून हळहळत आणि हिवाळा जवळ आला की पूर्वीच्याच उस्तादाला बोलावीत. कुंच्याने गालिचा खराब होतो, मूल कोपरे अधिक स्वच्छ करते, झडप बसवण्यास खर्च पडतो, हीच कारणे घरोघर ऐकू येत. दया वर्षातून एकदा करता येते. स्वतःच्या भिंतीला भोक पाडणे जिवावर येते.

1834 साली वयाची मर्यादा दहा वर्षांवर नेली. 1840 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढवण्याची बंदी केली. कागदावर प्रश्न मिटला. लंडनमध्ये काहीसा फरक पडलाही; पण इतरत्र पुष्कळ ठिकाणी मुले चढतच राहिली, कारण फिर्याद करणारा कोणी नसे, आणि न्यायासनावर बसलेल्या गृहस्थांच्या घरची धुराडीही तशीच वाकडी होती. लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांच्या खटपटीने 1864 साली शिक्षा अधिक कडक झाली. तरी परिणाम तोच.

अखेर फेब्रुवारी 1875 मध्ये केंब्रिजजवळील फुलबोर्न येथील वेड्यांच्या इस्पितळाचे धुराडे झाडण्यासाठी जॉर्ज ब्रूस्टर ह्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला वर चढवण्यात आले. तो आत अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढले, पण तो वाचला नाही. त्याच्या उस्तादाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शाफ्ट्सबरी ह्यांनी पुन्हा कंबर कसली आणि त्याच वर्षी जो कायदा झाला त्यात 1788 साली गाळलेले कलम अखेर आले: प्रत्येक उस्तादाने दरसाल पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि कायद्याची अंमलबजावणी पोलिसांनी करावी. ह्यानंतर ही चाल खरोखर बंद पडली. जे एका कलमाने साधले त्यासाठी 87 वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत किती मुले खर्ची पडली ह्याची गणती कोणी ठेवली नाही.

ह्या हकीकतीचा एक धागा आपल्यापर्यंतही येऊन पोहोचतो. त्याच 1875 साली मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारी कमिशन नेमले गेले, आणि 1879 साली हिंदुस्थानातील गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न लॉर्डांच्या सभेपुढे मांडणारे गृहस्थ शाफ्ट्सबरी हेच होत. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थही त्या चळवळीमागे होता, हे खरे. तरी 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालील मूल गिरणीत ठेवण्याची मनाई झाली. सात वर्षांचे मूल मात्र दिवसाचे नऊ तास कामाला लावता येत असे.

लंडनच्या आगट्याही पुढे विझल्या. 1952 च्या डिसेंबरातील विषारी धुक्यात हजारो माणसे दगावली, तेव्हा 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि घरगुती कोळशाचा धूर उत्तरोत्तर हद्दपार झाला. आज त्या नळ्या बहुतेक घरांत बुजवलेल्या आहेत. परंतु थंडीची असो वा पावसाची, घराची तयारी आजही सर्वत्र चालते. छपरावर कोण चढतो, गटारात कोण उतरतो, त्याचे वय काय आणि त्याच्या कमरेला दोर आहे की नाही, एवढे मजुरी ठरवतानाच विचारणे प्रत्येक घरधन्याच्या हाती आहे. इंग्लंडातील गृहस्थांनी हा साधा प्रश्न शंभर वर्षे विचारला नाही.