कुंपण आणि शेजारचें मांजर

घरामागच्या बागेंत शेजारचें मांजर शिरूं नये म्हणून माणसानें आजवर जे उपाय योजले, त्यांचा इतिहास पाहूं लागल्यास एक चमत्कारिक गोष्ट प्रथमच ध्यानांत येते. ती ही कीं, ज्या प्राण्यास हांकलून देण्यासाठीं आज एवढा खटाटोप चालतो, त्यास बागेंत आणून सोडलें तें माणसानेंच. आणि तेंहि मोठ्या आग्रहानें.

रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांत, इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकाच्या सुमारास, पॅलाडियस नांवाच्या ग्रंथकारानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला. शेतकऱ्याचीं कामें त्यांत महिन्यांच्या क्रमानें सांगितलीं आहेत. आर्टिचोक ह्या काटेरी भाजीच्या लागवडीविषयीं लिहितांना तो सांगतो कीं, जमिनीखालून बिळें पोखरणाऱ्या मोल नांवाच्या प्राण्याचा उपद्रव टाळावयाचा असेल, तर वाफ्यांच्या मधोमध मांजरें ठेवणें हितावह होय. ज्या मऊ, नुकत्याच खणलेल्या मातींत आज मांजराचें पाऊल उमटलेलें दिसतांच गृहस्थाच्या कपाळास आठी पडते, त्याच मातीची राखण एके काळीं मांजरावर सोंपविलेली होती.

मनुष्य आणि मांजर यांचा सहवास अर्थातच ह्याहून पुष्कळ जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत मनुष्याच्या सांगाड्याजवळ मांजराचाहि सांगाडा सांपडला; ही गोष्ट २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मूळचीं मांजरें नव्हतीं. तेव्हां कोणीतरी त्यांस नावेंत घालून समुद्रापार नेलें असलें पाहिजे. तें मांजर पुरतें पाळीव होतें कीं नुसतें माणसाळलेलें रानमांजर, ह्याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, धान्याच्या मागोमाग उंदीर आले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आलें. आजच्या घरगुती मांजराचें मूळ आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांतील रानमांजरांत आहे, हें २००७ सालच्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें. वाफ्यांतील भुसभुशीत माती मांजरास इतकी प्रिय कां, ह्याचें कारणहि येथेंच शोधावें लागतें. विष्ठा मातीआड करणें हा ह्या जातीचा स्वभाव आहे, आणि त्यासाठीं सैल, कोरडी भूमि त्यास हवी असते. माळ्यानें मेथीसाठीं म्हणून जें तयार केलें, तें मांजराच्या दृष्टीनें त्याच्याचसाठीं तयार केलेलें असतें.

आतां आपल्या इकडील पुरावा पहावा. कौटिलीय अर्थशास्त्रांत, प्रजेवर येणाऱ्या संकटांचा विचार करतांना, उंदरांचें भय उपस्थित झालें असतां मांजरें व मुंगसें मोकळीं सोडावीं असें सांगितलें आहे. येथवर नवल नाहीं. परंतु लगेच पुढें असें विधान येतें कीं, हीं जनावरें जो पकडील अथवा मारील त्यास बारा पण दंड करावा. आणि आपला कुत्रा जो आवरणार नाहीं, त्यासहि तोच दंड, रानांत राहणारांचे कुत्रे तेवढे वगळून. कुत्रा आवरण्याची जबाबदारी धन्यावर, मांजर आवरण्याची मात्र कोणावरच नाहीं! उलट त्याच्या फिरतीस आड येणारा तोच अपराधी. कौटिल्याच्या दृष्टीनें मांजर हें एका घरचें नसून गांवच्या धान्याचें राखणदार होतें, आणि राखणदारास कुंपणें ओलांडावीं लागतातच. वेल्स देशांत, हवेल राजाच्या नांवानें चालत आलेल्या मध्ययुगीन कायद्यांत मांजराची किंमतहि ठरलेली आढळते: डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारूं लागेपर्यंत दोन, त्यानंतर चार.

मांजरास दूर ठेवण्याचा विचार ज्या जुन्या ग्रंथांत आढळतो, तेथें प्रश्न भाजीचा नसून पांखरांचा आहे. दहाव्या शतकांत बायझंटियम येथें संकलित झालेल्या ‘जिओपोनिका’ ह्या कृषिग्रंथांत, कबुतरखान्याच्या दारांखिडक्यांशीं सताप टांगावी म्हणजे मांजर तिकडे फिरकत नाहीं, असें सांगितलें आहे. कोंबड्यांच्या पंखाखालीं रानटी सताप बांधण्याचाहि उपाय त्यांत येतो. हीच सताप महाराष्ट्रांत परसदारीं तान्ह्या मुलांच्या औषधासाठीं लावीत, हें जुन्या गृहिणींस सांगावयास नको. तिच्या उग्र वासानें मांजरें खरोखर पळतात कीं काय, ह्याची खात्री देतां येत नाहीं. परंतु तिचा रस अंगास लागून वर ऊन पडल्यास माणसाच्या कातडीस फोड येतात, एवढें निश्चित.

पांखरांचाच तंटा पुढें न्यायालयांत गेला. इंग्लंडांत एका मांजरानें शेजाऱ्याच्या जागेंत शिरून तेरा कबुतरें व दोन बँटम जातीच्या लहान कोंबड्या मारल्या. शेजाऱ्यानें भरपाई मागितली. १९२६ सालीं अपील न्यायालयानें ती नाकारली. बैल दुसऱ्याच्या शेतांत गेला तर धन्यानें नुकसान भरून द्यावें, हा जुना नियम मांजरास लागू नाहीं. तें आपल्या जातिस्वभावाप्रमाणें वागलें, यांत धन्याचा दोष नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. तेरा कबुतरें गमावलेल्या मनुष्यास ह्या तर्काचें समाधान कितपत वाटलें असेल, तें सांगणें कठीण नाहीं.

अमेरिकेंतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळानें तर पक्ष्यांच्या रक्षणार्थ मांजरांस आवर घालणारें एक विधेयकच संमत केलें. गव्हर्नर अॅडले स्टीव्हन्सन यांनीं २३ एप्रिल १९४९ रोजीं तें नामंजूर करून परत धाडलें. एकट्यानें भटकणें हा मांजराचा धर्मच आहे. आणि मांजर व पक्षी यांचा तंटा राज्यानें मिटवावयाचा, तर उद्यां कुत्रा व मांजर, परवां पक्षी व किडा यांचेहि तंटे मिटवावे लागतील, अशा अर्थाचा त्यांचा युक्तिवाद होता. विनोदानें त्यांनीं वेळ मारून नेली, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं; कारण ज्यांच्या अंगणांतील पक्षी नाहींसे होत होते, त्यांचा प्रश्न तेथेंच राहिला.

राज्यानें हात झटकल्यावर गृहस्थ आपल्या युक्तीवर अवलंबून राहिला. जपानांत पाण्यानें भरलेल्या बाटल्या भिंतीच्या कडेनें मांडून ठेवण्याची प्रथा पडली. पाण्याच्या चकाकीनें मांजर बिचकतें, अशी समजूत. मांजरें लवकरच सरावलीं. परंतु बाटल्यांतून एकवटलेल्या उन्हानें आगी लागण्याचा धोका असल्याचा इशारा अग्निशामक दलांस द्यावा लागला. महाराष्ट्रांतील शहरांतहि दारापुढें रंगीत पाण्याच्या बाटल्या दिसतात, त्या कुत्र्यांसाठीं. त्यांचा गुणहि तितपतच. मानवी कानास ऐकूं न येणारा तीव्र ध्वनि काढणारें यंत्र इंग्लंडांत तपासलें गेलें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत मांजरांचा वावर कमी झाला, थांबला मात्र नाहीं. ह्या सर्वांहून साधा उपाय असा कीं, बीं पेरतांच वाफ्यावर खुराड्याची तारेची जाळी आडवी अंथरावी, माती ओली ठेवावी, आणि रोपें दाट लावून उघडी जागाच शिल्लक ठेवूं नये. रोपें जाळीच्या भोकांतून वर येतात. मांजरास मात्र उकरतां येत नाहीं. डांबरगोळ्या टाकण्याची कित्येकांस संवय आहे, ती अनिष्ट होय. त्या मांजरास विषारी आहेत, आणि मुलांच्याहि हातीं लागतात. जाणूनबुजून विष घालणें हा तर भारतांत गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमांत त्याची शिक्षा सांगितली आहे.

इलिनॉयच्या गव्हर्नरांनीं जें हंसण्यावारी नेलें, तें अलीकडे कायद्यानें गंभीरपणें हातीं घेतलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशांत १ जुलै २०२२ रोजीं वा त्यानंतर जन्मलेलें मांजर धन्याच्या आवाराबाहेर मोकळें सोडतां येत नाहीं. म्हणजे कौटिल्यानें कुत्र्याच्या धन्यावर घातलेला भार मांजराच्या धन्यावर यावयास दोन हजारांच्या आसपास वर्षें लागलीं. जर्मनींतील वाल्डोर्फ ह्या लहानशा गांवीं तुरेवाल्या चंडोलाचीं थोडींच जोडपीं उरलीं होतीं, आणि तो पक्षी घरटें जमिनीवर करतो. २०२२ च्या मे महिन्यांत तेथील अधिकाऱ्यांनीं हुकूम काढला कीं, गांवाच्या दक्षिण भागांतील मांजरें ऑगस्टअखेरपर्यंत घरांत कोंडून ठेवावीं. मांजर बाहेर दिसल्यास ५०० युरो दंड, आणि त्यानें चंडोल मारल्यास तो ५०,००० युरोपर्यंत. बाहेर न्यावयाचेंच असेल, तर दोन मीटरांहून लांब नसलेल्या दोरीस बांधून न्यावें, अशी सवलत मात्र त्या हुकुमांत ठेवली होती.