तीन खडे आणि एक तलवार: कोड्याच्या गेममध्ये गोष्ट कशी शिरली

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांच्याकडे रेंज नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आमच्या धानोऱ्यात बसची वाट बघणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये डोकावलं, तर क्रिकेट नाहीतर रंगीत खडे हमखास दिसतात. तीन सारखे खडे एका ओळीत आणायचे, ते फुटतात आणि वरून नवे पडतात. आता तर त्या खड्यांच्या वर एक राक्षसही उभा असतो. लाल खडे फोडले की तुमचा योद्धा त्याला तलवार मारतो. योद्ध्याची लेव्हल वाढते, त्याला नवी ढाल मिळते आणि किल्ला बांधता येतो. म्हणजे कोडं आणि गोष्ट एकाच स्क्रीनवर. आजचा प्रश्न असा, की या दोघांचं लग्न लावलं कुणी? आणि त्या लग्नाचा खर्च कोण करतंय?

आधी खड्यांचं घराणं बघू. 1994 साली रशियातल्या येवगेनी अलेमझिन नावाच्या प्रोग्रामरने डॉसवर चालणारा ‘शारिकी’ नावाचा गेम केला. शारिकी म्हणजे छोटे गोळे. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करायची आणि तीन जुळवायचे. आज आपण खेळतो तो नियम हाच. 2001 मध्ये अमेरिकेच्या पॉपकॅप कंपनीने त्याच धर्तीवर ‘बिज्वेल्ड’ काढला. आठ बाय आठचा पट आणि चमकणारी रत्नं. ऑफिसमध्ये बसलेल्या, गेमर नसलेल्या माणसांनी तो डोक्यावर घेतला. पुढे तो साध्या बटणांच्या फोनवरही आला.

आता दुसरं घराणं, रोल-प्लेइंग म्हणजे आरपीजी. याची सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, कागदावर झाली. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. तुम्ही एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे, लढायचं, आणि अनुभव साठला की पात्र ताकदवान होतं. लेव्हल, अनुभवाचे पॉइंट, जादूचे मंत्र ही सगळी भाषा तिथून आली.

पटावरच्या खेळात माणसाची गोष्ट घालणं आपल्याला मात्र नवं नाही. मोक्षपट आठवा. परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. आज आपण ज्याला सापशिडी म्हणतो, त्यातल्या शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. सोंगटी पुढे सरकते तेव्हा फक्त आकडा वाढत नाही, एक जीव वर चढत असतो. पटाला अर्थ आला की हरण्याजिंकण्याचं वजन बदलतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मुख्य प्रसंग, 2007. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये स्टीव्ह फॉकनर नावाचा डिझायनर होता. ‘वॉरलॉर्ड्स’ या जुन्या युद्धाच्या गेममुळे तो ओळखला जायचा. त्याच्या इन्फिनिट इंटरॅक्टिव्ह कंपनीने ‘पझल क्वेस्ट: चॅलेंज ऑफ द वॉरलॉर्ड्स’ आणला, पहिल्यांदा हातात धरायच्या निन्टेंडो डीएस आणि पीएसपी या मशीनवर.

डोकं बघा कसं लावलं. बिज्वेल्डसारखा पट घेतला, पण तो दोघांत वाटला. एक चाल तुमची, एक शत्रूची. लाल, निळे, हिरवे, पिवळे खडे जुळवले की त्या रंगाची जादूची शक्ती साठते आणि ती खर्चून मंत्र टाकायचे. कवट्या जुळवल्या की शत्रूला थेट मार. नाणी जुळवली की सोनं, जांभळे तारे जुळवले की अनुभव. एका ओळीत चार जुळले तर आणखी एक चाल फुकट.

यातून एक मोठा फरक पडला. बिज्वेल्डमध्ये सगळे खडे सारख्याच किमतीचे होते. इथे प्रत्येक चालीला विचार करावा लागतो. मला निळे हवेत, पण मी ते उचलले तर चार कवट्या एका रेषेत येतील आणि पुढची चाल शत्रूची आहे. म्हणजे स्वतःचा फायदा बघताना समोरच्याचं नुकसानही बघायचं. साधं कोडं होतं, त्याचं बुद्धिबळाच्या जवळ जाणारं काहीतरी झालं.

आणि भांडणही तिथूनच सुरू झालं. शत्रूच्या चालीला वरून नेमके त्याच्या फायद्याचे खडे पडताना दिसायचे. कॉम्प्युटर चीटिंग करतो, अशी तक्रार खेळणाऱ्यांनी केली. फॉकनरने ते नाकारलं, वरून पडणारे खडे निव्वळ नशिबाचे आहेत असं सांगितलं. पण माणसाचं मन असंच आहे. आपलं नशीब फळलं की ते कौशल्य, समोरच्याचं फळलं की ती लबाडी. सारीपाटावर फाशांवरून भांडणाऱ्यांना हे कुणी वेगळं सांगायला नको.

तोपर्यंत सौदा सरळ होता. गेम एकदा विकत घ्या, पूर्ण खेळा, संपवा. फोन आला आणि सौदा बदलला.

20 फेब्रुवारी 2012 ला जपानच्या गंगहो कंपनीने आयफोनवर ‘पझल अँड ड्रॅगन्स’ आणला. सहा बाय पाचचा पट, आणि एक खडा बोटाने धरून काही सेकंद कुठेही फिरवायची मुभा. गेम फुकट. पण लढणारे राक्षस अंड्यांतून निघतात, आणि कोणत्या अंड्यातून काय निघेल ते नशीब. जास्त अंडी हवी असतील तर जादूचे दगड लागतात, आणि ते पैशाने मिळतात. जपानमध्ये नाणं टाकून खेळण्याची डबी काढायची मशीन असतात, त्यावरून या पद्धतीला ‘गाचा’ म्हणतात. एक अब्ज डॉलरच्या वर कमाई करणारा हा पहिला मोबाइल गेम ठरला. 2017 मध्ये फिनलंडच्या स्मॉल जायंट कंपनीने ‘एम्पायर्स अँड पझल्स’ काढला, तोच मसाला, वर किल्ला बांधणं आणि टोळ्यांची युद्धं. पुढच्याच वर्षी झिंगाने त्या कंपनीचा 80 टक्के हिस्सा 56 कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं.

आता हा इतिहास आपल्या दारात येतो. माझा मामेभाऊ सुरतला कापडाच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. असाच एक गेम तो दोन वर्षं खेळतोय. परवा त्याने विचारलं, “भाऊ, एक भारी हिरो आलाय, त्याच्यासाठी पाचशे रुपये टाकू का?” मी त्याला उपदेश केला नाही, हिशेब दाखवला. समजा तो हिरो निघायची शक्यता एक टक्का आहे. त्याला वाटत होतं, शंभर वेळा काढलं की नक्की मिळणार. तसं नसतं. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा काढलं, तरी साधारण 37 जणांच्या हाती तो हिरो येत नाही. कारण प्रत्येक वेळी मशीन नव्याने फासा टाकतं, तुमचा आधीचा खर्च त्याला आठवत नाही. काही गेम ठरावीक प्रयत्नांनंतर हमी देतात, पण ती किती प्रयत्नांनंतर, ते बारीक अक्षरात शोधावं लागतं.

तो म्हणाला, “पण इतक्या मेहनतीने वाढवलेली टीम आहे, सोडू कशी?” बघा, मोक्षपटाची गोष्ट इथे आली. साधे खडे सोडून देणं सोपं असतं. पण गोष्ट मिळाली की तो योद्धा आपला होतो, टोळीतली माणसं दोस्त होतात. पझल क्वेस्टने कोड्याला जीव दिला, म्हणून तो इतका गोड लागला. गाचाने त्याच जिवाला किंमत लावली.

कायदाही थोडा मागे मागे येतोय. मे 2012 मध्ये जपानने गाचाचा एक प्रकार बेकायदा ठरवला, ज्यात नशिबाने मिळालेल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस मिळायचं. 2018 मध्ये बेल्जियमने पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार म्हटलं. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. गाचात रोख रक्कम परत मिळतच नाही, मिळतो तो फक्त चित्रातला हिरो. म्हणजे इथे आपला पहारा आपल्यालाच द्यायचा आहे.

मामेभावाने शेवटी काय केलं? गेम ठेवला, फोनमधून पैसे भरायची सोय काढून टाकली. आता त्याची टीम हळू वाढते. तो म्हणतो, चाल विचार करून खेळतो, कारण दुसरा इलाजच नाही. 2007 मध्ये हा खेळ असाच खेळायचा असतो, असं मला वाटतं.

तुमच्या फोनमध्ये असा गेम असेल तर आज एक काम करा. हिरो निघायची शक्यता किती टक्के लिहिली आहे ते शोधा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण फाशांचाच इतिहास घेऊ, कवड्यांपासून सुरुवात करून. तोवर राम राम!